कपाळावर राख, हातात झावळ्या: बायबलमधली माणसं देवापुढे कधी रडतात, कधी नाचतात?

फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूची यात्रा भरते. वसई-मुंबईकडून, गोव्याकडून भाविक येतात, मेणबत्त्या-फुलांची दुकानं लागतात, रांगेत ख्रिस्ती नसलेले नाशिककरही हमखास असतात. यात्रा आटोपते आणि काही वर्षी तर मंडपाचे बांबू उतरायच्या आतच राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, उजाडतो. परवापर्यंत नवस फेडून हसतमुखाने फिरणारी माणसं कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ऑफिसात, कॉलेजात दिसू लागतात. शेजारच्या टेबलावरून प्रश्न येतो, "कपाळाला काय लागलंय?" पुढे दीड महिन्याने गुड फ्रायडेला, म्हणजे येशूच्या क्रूसावरच्या मरणाच्या दिवशी, याच लोकांच्या मोबाईलवर फुलांच्या गुच्छासह शुभेच्छा येऊन पडतात. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. सुट्टी आहे म्हणजे सण असणार, सण आहे म्हणजे शुभेच्छा द्यायच्या, एवढाच हिशेब.

गोंधळ रास्त आहे. हा धर्म नेमका रडणाऱ्यांचा की गाणाऱ्यांचा? बायबल उघडावं तर प्रेषित पौल एका पत्रात सांगतो, सदा आनंदित असा. याकोबाच्या पत्रात वाचावं तर हसणं सोडा, शोक करा. दोन्ही आज्ञाच, आणि दोन्ही श्रद्धावंतांनाच दिलेल्या.

दोन्ही गोष्टी अंगाने करायच्या

बायबलमधल्या माणसावर दुःख कोसळलं की तो कोपऱ्यात बसून नुसता उदास होत नाही. तो अंगावरचे कपडे फाडतो, डोक्यात धूळ नाहीतर राख घालतो, जमिनीवर बसतो, जेवण टाकतो आणि गोणताट नेसतो. गोणताट म्हणजे बकऱ्याच्या केसांचं जाडंभरडं, अंगाला टोचणारं वस्त्र. आनंदाचंही तसंच. डफ, झांजा, नाच, डोक्याला सुगंधी तेल, तुपातेलाचं जेवण. मनातल्या मनात आनंद झाला, हा प्रकार तिथे फारसा नाही.

त्यामुळे शोक आणि आनंद हे आपोआप येणारे मूड आहेत असं धरून वाचलं, तर बायबल तऱ्हेवाईक वाटतं. हुकूम सोडून कुणाला मूड येतो का? पण हेच प्रतिसाद म्हणून वाचले की गाठ सुटते. देव काहीतरी करतो, बोलतो, कधी गप्प राहतो, आणि माणूस त्याला सगळ्या अंगाने उत्तर देतो. तुम्ही रडलात की नाचलात, यावरून उत्तराची परीक्षा होत नाही. कशाला उत्तर दिलंत, ते पाहिलं जातं.

पंचवटीतल्या अरुंद गल्लीतून वरात चालली आहे आणि वाटेत सुतकाचं घर लागलं, तर बँडवाला कुणी न सांगता वाजवणं थांबवतो. नवऱ्यामुलाच्या आईचा आनंद त्याने तसूभर कमी होत नाही. चार घरं ओलांडली की ढोल पुन्हा सुरू. त्या दारापुढेही जो बडवत राहील, त्याला आपण आनंदी म्हणत नाही, बेपर्वा म्हणतो. बायबलमधल्या संदेष्ट्यांचा, म्हणजे देवाचा निरोप सांगणाऱ्यांचा, राग बहुतेक वेळा याच माणसावर आहे.

येशूने हे एका छोट्या दाखल्यात सांगितलं. बाजारात बसलेली मुलं सवंगड्यांना ओरडून म्हणतात, आम्ही पावा वाजवला तर तुम्ही नाचला नाहीत, आणि आम्ही आक्रोश केला तर तुम्ही ऊर बडवला नाहीत. बाप्तिस्मा करणारा योहान उपासतापास करत आला, तेव्हा लोक म्हणाले याला भूत लागलंय. येशू पंक्तीला बसू लागला, तर म्हणाले खादाड आहे. लग्नाचा खेळ नको आणि मयतीचाही नको. रडणारे आणि नाचणारे एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे आहेत असं आपण धरून चालतो. इथे ते दोघे एका बाजूला आहेत, आणि दुसऱ्या बाजूला आहेत जागचे न हलणारे.

"आज रडू नका, जेवा"

या साऱ्या विषयातला मला सर्वांत बोलका वाटणारा प्रसंग नहेम्याच्या पुस्तकात आहे, आठव्या अध्यायात. थोडी पार्श्वभूमी लागेल. इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं आणि यहुदी लोकांना बंदिवान करून नेलं. पुढे इराणी राजा कोरेशाने बाबेल जिंकल्यावर इ.स.पू. ५३८मध्ये त्यांना परतायची मुभा दिली. परतून आलेल्यांचं शहर कित्येक दशकं भगदाडांचंच होतं. नहेम्या या यहुदी अधिकाऱ्याने इ.स.पू. पाचव्या शतकात तिथे येऊन ५२ दिवसांत तट उभा केला.

त्यानंतर सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सगळं गाव पाणीवेशीसमोरच्या चौकात जमलं, बायकापोरांसकट. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर चढला आणि उजाडल्यापासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचत राहिला. लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणारे, लोकांना अर्थ फोड करून सांगत होते. ऐकता ऐकता लोक रडायला लागले. आपल्या वाडवडिलांनी काय मोडलं, आपण काय मोडतोय, हे पहिल्यांदाच नीट कळत होतं.

श्रोते रडले म्हणजे प्रवचन रंगलं असं मानणाऱ्यांनी पुढचं वाक्य जरूर वाचावं. एज्रा आणि नहेम्या लोकांना थांबवतात. आजचा दिवस पवित्र आहे, शोक करू नका. घरी जा, चांगलंचुंगलं खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही शिजलेलं नाही त्यांना वाढून पाठवा. खिन्न होऊ नका, परमेश्वराचा आनंद हेच तुमचं बळ आहे.

यातलं शेवटचं वाक्य छापून, फ्रेम करून भिंतीला लावलेलं असतं. शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीत असो नाहीतर नाशिकरोडच्या नव्या फ्लॅटमध्ये. ताट पाठवायचं वाक्य मात्र फ्रेमीत येत नाही. माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. आनंद करायला सांगताना शेजाऱ्याची चूल पेटली आहे का, हे बघायलाही त्याच श्वासात सांगितलंय.

मग त्या रडण्याचं काय झालं? ते रद्द झालं नाही, पुढे गेलं. पंधरा तारखेपासून मांडवांचा सण सुरू झाला: घरांच्या धाब्यावर, अंगणात, चौकात फांद्या आणि झावळ्यांचे मांडव घालून लोक सात दिवस त्यात राहिले. आणि चोवीस तारखेला हेच लोक उपास करून, गोणताट नेसून, डोक्यात माती घालून पुन्हा जमले आणि पापं कबूल केली. त्याच महिन्यात, त्याच माणसांनी. क्रम मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी जेवण, मग कबुली. ज्याला घरात आपली जागा पक्की आहे हे ठाऊक असतं, तोच फुटलेल्या भांड्याची गोष्ट आपणहून काढतो.

जल्लोष की आक्रोश, ऐकू येईना

मंदिराचा पाया पुन्हा घातला गेला तेव्हाची गोष्ट एज्राच्या पुस्तकात आहे. याजकांनी कर्णे फुंकले, लेव्यांनी झांजा वाजवल्या, तरुण मंडळी जयघोष करू लागली. शलमोनाने बांधलेलं जुनं मंदिर ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते म्हातारे मात्र हंबरडा फोडून रडले. जुनं मंदिर जळून तेव्हा जेमतेम अर्धं शतक झालं होतं, म्हणजे साठी-सत्तरीच्या लोकांना ते नीट आठवत असणार. जल्लोष कुठला आणि रडणं कुठलं, हे कुणाला वेगळं ओळखता येईना, आवाज मात्र लांबवर गेला, असं लिहून लेखक गप्प बसतो. कोण बरोबर, हे त्याने सांगितलेलं नाही.

शहर संकटात, लोक गच्चीवर

जिथे ठाम नापसंती आहे, तो उतारा यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात सापडतो. यरुशलेमवर संकट आलंय. कारभाऱ्यांनी कामात कसर ठेवलेली नाही: शस्त्रागार तपासलं, तटाची भगदाडं मोजली, घरांची मोजदाद करून काही पाडली आणि त्यांच्या दगडांनी तट भक्कम केला, दोन भिंतींच्या मधे पाण्याचा साठा केला. कुंभमेळ्याच्या तयारीत रस्ते खणलेले पाहणाऱ्या नाशिककराला ही यादी ओळखीची वाटेल. यशयाचा आक्षेप कामांवर नाही. हे सगळं ज्याने घडवलं त्याच्याकडे तुम्ही पाहिलंच नाही, एवढंच तो म्हणतो.

त्या दिवशी देवाने रडायला, डोकं मुंडायला, गोणताट नेसायला बोलावलं होतं. लोक गच्च्यांवर चढले. बैल कापले, मेंढरं कापली, द्राक्षारस ओतला, आणि म्हणू लागले, खाऊ-पिऊ, उद्या मरायचंच आहे. आजही मौजमजेचं समर्थन म्हणून हे वाक्य लोकांच्या तोंडी असतं, पण मूळ जागी ते घाबरलेल्या माणसांचं आहे. आनंदाचा आव आणून हाक कानाआड केली, हा तिथला गुन्हा.

नहेम्याच्या लोकांना रडण्यावरून थांबवलं, यशयाच्या लोकांना नाचण्यावरून फटकारलं. दोन्हीकडे मोजपट्टी एकच आहे.

झावळ्यांच्या मिरवणुकीत एक जण रडतो

ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशू शिंगरावर बसून यरुशलेमला आला, लोकांनी वाटेवर अंगावरची वस्त्रं पसरली, झावळ्या घेऊन सामोरे गेले, त्याची ही आठवण. नाशिकच्या चर्चमध्येही त्या दिवशी झावळ्या घेऊन मिरवणूक निघते.

लूकच्या शुभवर्तमानात ही मिरवणूक डोंगर उतरू लागते तेव्हा शिष्य मोठमोठ्याने देवाची स्तुती करतात. काही परूशी, म्हणजे नियमशास्त्राचे कडक पालन करणारे, म्हणतात, गुरुजी, यांना आवरा. येशू उत्तर देतो, हे गप्प बसले तर धोंडे ओरडतील. म्हणजे लोकांचा आनंद त्याला मान्य आहे. आणि लगेच पुढच्या वाक्यात, शहर नजरेच्या टप्प्यात येताच, तो त्या शहरासाठी रडतो. शांतीचा मार्ग तुला कळला असता तर, असं म्हणतो. शत्रू वेढा घालतील, दगडावर दगड राहणार नाही, कारण देव भेटीला आला ती वेळ तू ओळखली नाहीस. इ.स. ७०मध्ये रोमन सैन्याने यरुशलेम आणि मंदिर खरोखरच उद्ध्वस्त केलं.

एकाच मिरवणुकीत ढोल आणि अश्रू, आणि दोन्ही खरे. देवाच्या डोळ्यांत पाणी, ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटू नये. संत नामदेवांनी वर्णिलेल्या ज्ञानदेवांच्या समाधीप्रसंगी विठ्ठलालाही गहिवरून येतं.

आता त्या झावळ्यांचं पुढे काय होतं ते पाहू, कारण कपाळावरची राख तिथूनच येते. मिरवणुकीतल्या आशीर्वादित झावळ्या लोक घरी नेतात. कुणी त्यांचे पदर दुमडून छोटा क्रूस विणतं, कुणी देवाच्या फोटोच्या मागे खोचून ठेवतं. वर्षभरात त्या पिवळ्या पडतात, मग तपकिरी, हात लावला तर तुकडा पडेल इतक्या कडक. पुढच्या वर्षी उपवासकाळ जवळ आला की अनेक चर्चमध्ये त्या परत गोळा करून जाळतात. उरलेली राख चाळून वाटीत घेतात, आणि राखेच्या बुधवारी फादर अंगठा तीत बुडवून प्रत्येकाच्या कपाळावर क्रूस काढतात: "तू माती आहेस आणि मातीला मिळशील, याची आठवण ठेव." शोकासाठी राख वेगळी आणावी लागत नाही, ती गेल्या वर्षीच्या जयघोषाचीच असते.

उपवासकाळ, ज्याला लेंट म्हणतात, तो ४० दिवसांचा. कॅलेंडरवर मोजले तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ भरतात. मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. रविवार पुनरुत्थानाचा वार, त्या दिवशी उपास नाही.

"पण हे दाखवायचं कशाला?"

हा आक्षेप बायबलच सर्वांत आधी घेतं. संदेष्टा योएल म्हणतो, कपडे नको, काळीज फाडा. यशया विचारतो, लव्हाळ्यासारखी मान घालायची, गोणताट आणि राख पसरून बसायचं, याला तुम्ही उपास म्हणता? अन्यायाच्या बेड्या तोडा, भुकेल्याला आपल्यातली भाकर द्या, बेघराला घरात घ्या, हा उपास. येशू तर सांगतो की उपास कराल तेव्हा तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, कुणाला कळूही देऊ नका.

गंमत म्हणजे येशूचा हाच उतारा कॅथलिक चर्चमध्ये राखेच्या बुधवारी वाचला जातो. तोंड धुवा असं ऐकायचं आणि लगेच रांगेत उभं राहून कपाळाला राख लावून घ्यायची! विसंगती आहेच, आणि ती कुणी दडवतही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ती मुद्दाम शेजारी ठेवली आहे. राख लावताना कानात ताकीद ताजी असावी म्हणून.

आनंदाच्या प्रदर्शनावरही असाच आक्षेप आला होता. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, यरुशलेमात येताना दावीद राजा तिच्यापुढे बेभान होऊन नाचला. त्याची बायको मीखल खिडकीतून बघत होती. राजाला हे शोभतं का, असं तिने तो घरी आल्यावर सुनावलं. दावीद म्हणाला, मी याहून हलका होईन. मीखलचीही बाजू आहे. वडिलांचं राज्य गेलेल्या, राजकारणात इकडून तिकडे दिल्या गेलेल्या बाईला त्या दिवशी नाचावंसं वाटलं नाही, तर तिला सरसकट दोष देणाऱ्या प्रवचनांशी मी सहमत नाही. पण कथेची मांडणी बघा: एक जण रस्त्यावर, एक जण खिडकीत.

"देवाकडे तक्रार म्हणजे श्रद्धा कमी?"

आपल्याकडे मयताला गेलेले लोक पाच मिनिटांत म्हणतात, "देवाची मर्जी, रडू नका." हेतू धीर देण्याचाच असतो. स्तोत्रसंहिता हा बायबलमधला १५० गीतांचा संग्रह मात्र असं म्हणत नाही. त्यातली सुमारे एक तृतीयांश गीतं विलापाची आहेत. विलाप म्हणजे देवाच्याच तोंडावर मांडलेलं गाऱ्हाणं. तेरावं स्तोत्र सुरुवातीलाच विचारतं, परमेश्वरा, कुठवर? मला कायमचं विसरणार का? बहुतेक विलाप शेवटी कुठेतरी आशेकडे वळतात. ८८वं वळत नाही. ते अंधारातच संपतं, आणि तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलेलं आहे. क्रूसावर येशूने जे वाक्य उच्चारलं, माझ्या देवा, तू मला का सोडलंस, ते २२व्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. गाऱ्हाणं करणारा पाठ फिरवून निघून गेलेला नसतो, तो अजून दारात उभा असतो.

त्याउलट १३७वं स्तोत्र. बाबेलच्या नद्यांकाठी बसलेल्या बंदिवानांना पकडून नेणारे म्हणतात, तुमच्या सियोनेचं (यरुशलेमचं) एखादं आनंदाचं गाणं म्हणा. ते वीणा झाडांना टांगून नकार देतात. आनंद करायला नहेम्यानेही सांगितलं होतं. पण तो त्यांच्याच पंक्तीतला होता, आणि इथे करमणूक हवी होती.

"शत्रू बुडाला तर नाचायचं नाही?"

इथे शास्त्र एका सुरात बोलत नाही. इस्राएल लोकांचा पाठलाग करणारं मिसरच्या (इजिप्तच्या) फारो राजाचं सैन्य समुद्रात बुडाल्यावर मोशेची बहीण मिर्याम डफ घेऊन नाचते. नीतिसूत्रांच्या पुस्तकात मात्र बजावलंय की शत्रू पडला तर आनंद मानू नकोस. यहुदी धर्मपंडितांना ही ओढाताण जाणवली. तालमूद या त्यांच्या ग्रंथात एक कथा आहे: मिसरी बुडत असताना देवदूत गायला निघाले, तेव्हा देव म्हणाला, माझ्या हातची लेकरं समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाणार?

"मग किती दिवस रडायचं?"

दावीदाचं तान्हं मूल आजारी पडलं तेव्हा तो सात दिवस उपाशी जमिनीवर पडून राहिला. मूल गेलं. सेवकांना सांगायची भीती वाटली. त्याला कळलं तेव्हा तो उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, देवाची आराधना केली आणि जेवायला वाढा म्हणाला. सेवक चक्रावले, आणि रामकुंडावर दहावा केलेला कुणीही चक्रावेल: मूल जिवंत असताना सुतक, गेल्यावर जेवण? दावीदाचं उत्तर असं, की तोवर देव दया करील अशी आशा होती. आता मी त्याला परत आणू शकतो का? मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे येणार नाही. हा नियम म्हणून सांगितलेला नाही. याच दावीदाने पुढे अबशालोम या बंड करून मारल्या गेलेल्या तरण्या मुलासाठी इतका आक्रोश केला की जिंकून आलेलं सैन्य माना खाली घालून गावात शिरलं, आणि सेनापतीला येऊन त्याला खडसवावं लागलं.

सार्वजनिक शोकाबद्दल हाच प्रश्न जखऱ्या संदेष्ट्याकडे आला होता. इ.स.पू. ५१८च्या सुमाराची गोष्ट. नवं मंदिर उभं राहत होतं. काही माणसं विचारायला आली: जुनं मंदिर पडलं म्हणून पाचव्या महिन्यात आम्ही इतकी वर्षं रडतोय, उपास करतोय. अजून करायचा का? सरळ हो-नाही उत्तर मिळालं नाही. उलट विचारणा झाली: ही सत्तर वर्षं उपास केलात तो माझ्यासाठी होता का? विधवा, अनाथ, उपरा आणि गरीब यांना छळू नका, खरा न्याय करा. आणि मग वचन: चौथ्या, पाचव्या, सातव्या आणि दहाव्या महिन्याचे उपास पुढे आनंदाचे सण होतील.

तो पाचव्या महिन्याचा उपास यहुदी लोक अजून पाळतात, आब महिन्याच्या नवमीला. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएलही तो पाळत आले, आणि त्यांच्याकडे त्या दिवसाला नाव पडलं ते वालाच्या बिरड्यावरून.